पाच मागण्यांचा कागद: संत्रा-कापूसवाल्यांच्या एका ठरावाचं प्रकरण

कशाबद्दल आहे

हे प्रकरण 2025 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं. नागपूर जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी, सभासद काटोल, नरखेड आणि कळमेश्वर तालुक्यांतले, ऑफिस मात्र नागपुरात अमरावती रोडच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत. कंपनीचं, माणसांचं आणि पक्षाचं नाव देत नाहीये, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मी कंपनीची कागदपत्रं सांभाळतो म्हणून बैठकांना बसायचो, मत द्यायचा हक्क मला नाही.

बाहेरचा माल नको, बाहेरची माणसं नको, या मागणीला आपल्याकडे पाठिंबा किती झटकन मिळतो आणि तीच मागणी एकेक कलम सुटं करून विचारली की तीच माणसं कशी वेगळी बोलायला लागतात, हे या बैठकांत दिसलं. म्हणून सगळं लिहून काढलं.

पार्श्वभूमी

आमच्या भागात एकाच घरात वरच्या वावरात संत्रा आणि खालच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, असते. म्हणजे एकाच माणसाची दोन पिकं, आणि जगाच्या बाजाराबद्दल दोघांचं म्हणणं एकदम उलटं.

कापसाचं आधी सांगतो. फेब्रुवारी 2021 च्या बजेटमध्ये कापसाच्या आयातीवर एकूण 11 टक्के शुल्क लागलं. 2022 मध्ये काही महिने ते माफ झालं, पुन्हा लागलं. मग 19 ऑगस्ट 2025 ला सरकारने ते परत माफ केलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि लगेच आठवड्या-दीड आठवड्यात मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. कारण उघड होतं, अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 आणि 27 ऑगस्टपासून एकूण 50 टक्के टॅरिफ लावला, कापड कारखाने अडचणीत, त्यांना निदान रुई (सरकी काढलेला कापूस) तरी स्वस्त मिळावी. पण आमचा कापूस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरी येतो, म्हणजे नेमकं आमच्या सीझनच्या तोंडावर दार उघडलं. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, मध्यम धाग्याचा 7,710, आणि गावात येऊन घेणारा खेडा खरेदीवाला त्याच्या बराच खाली मागून राहिला होता. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, द्यायचा तर कपास किसान अॅपवर नोंदणी करा, ई-पीक पाहणी जुळवा, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. त्यात यंदा पाऊस लांबलेला, कापूस ओलाच.

संत्र्याचं गाऱ्हाणं दुसऱ्या बाजूचं आहे. नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश, माल ट्रकने पेट्रापोल-बेनापोलच्या बॉर्डरवरून जातो. 2019 मध्ये त्यांनी किलोमागे 20 टका (टका हे त्यांचं चलन) आयात शुल्क लावलं आणि दरवर्षी चढवत चढवत 2023 पर्यंत 88 टक्यावर नेलं. आता आपल्या बागेत किलोला जेवढे पैसे पडतात त्याच्या कितीतरी पट तर हे शुल्कच झालं, मग तिकडचा व्यापारी काय मागवणार. 2023 च्या हिवाळ्यात राज्य सरकारने या शुल्काचा निम्मा भार अनुदान म्हणून उचलायची घोषणा केली, तरी ट्रक काही पूर्वीसारखे निघाले नाहीत. जो माल बाहेर जायचा तो देशातच कोंडला आणि नागपूरच्या कळमना बाजारात चुरीला, म्हणजे बारीक फळाला, तर कोणी हात लावेना.

थोडक्यात, कापसासाठी आपलं दार बंद हवं आणि संत्र्यासाठी दुसऱ्याचं दार उघडं हवं. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत आणि त्यात ढोंग काही नाही, पण दोन्ही एका कागदावर आल्या की गंमत होते.

हवाही तापलेली होती. अमेरिकेच्या टॅरिफनंतर स्वदेशीचा विषय सगळीकडे चालू होता आणि नागपुरात तर तो घरचाच, स्वदेशी जागरण मंचाची स्थापना 1991 मध्ये इथलीच. 2 ऑक्टोबरच्या विजयादशमीला रेशीमबागेतल्या संघाच्या भाषणातही अमेरिकेच्या टॅरिफचा आणि आत्मनिर्भरतेचा उल्लेख झालाच. ऑक्टोबरच्या शेवटी वर्धा रोडवर कर्जमाफीचं मोठं आंदोलन झालं, ट्रॅक्टर लावून हायवे जाम. पाठोपाठ नगरपरिषदांच्या निवडणुका आणि डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन. राग तयारच होता, त्याला कागद कोणीतरी पुरवणारच होतं.

कागद

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका पक्षाचे दोन कार्यकर्ते ऑफिसला आले. दोघंही ओळखीचे, एक तर आमच्याच सभासदाचा पुतण्या. सोबत छापलेला ठराव, खाली कंपनीच्या लेटरहेडसाठी जागा सोडलेली. अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघणार, त्याच्या मंचावर जिल्ह्यातल्या वीसेक संस्थांचे ठराव वाचायचे, असा प्लॅन. मागण्या पाच:

एक, कापसावरचं आयात शुल्क ताबडतोब परत लावा. दोन, बांगलादेशशी सगळा व्यापार बंद करा. तीन, अमेरिकेशी करार करताना सोयाबीन, मका, कापूस यांची दारं उघडू नका. चार, जिनिंग, पॅकिंग आणि बागेच्या कामावर बाहेरच्या राज्यातले मजूर लावणं बंद करा, 80 टक्के स्थानिक लावा. पाच, बांगलादेशी घुसखोर शोधून हाकला, तोवर ठेकेदारांना टोळ्या आणायला मनाई करा.

त्याच संध्याकाळी कागदाचा फोटो सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. तासाभरात अंगठ्यांची रांग. "एक नंबर", "आता नाही तर कधीच नाही", "सही करून टाका अध्यक्ष". दुसऱ्या दिवशी काही जण ऑफिसला येऊन सही करूनच गेले, बैठक व्हायच्या आधी. त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ठराव एकमताने पास आहे.

पेच

पहिली शंका काढली आमच्या उपाध्यक्षांनी, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, संत्र्याचा जुना बगीचा, बोलणं कमी. त्यांनी कागद वाचला आणि एवढंच म्हणाले, "दोन नंबर वाचला का कोणं? बांगलादेश बंद करा म्हणते, अन् मागच्या महिन्यात आपण जे निवेदन दिलं त्यात काय लिहिलं होतं?"

मागच्या महिन्यात याच कंपनीने, याच लेटरहेडवर, बांगलादेशने संत्र्यावरचं शुल्क कमी करावं म्हणून केंद्राने बोलणी करावी असं निवेदन दिलेलं होतं. फाईलमध्ये होतं, मीच पोच घेतली होती.

दुसरी गोष्ट जिनिंग चालवणाऱ्या संचालकाने मांडली, ती बऱ्याच जणांच्या डोक्यातच नव्हती. बांगलादेश फक्त संत्र्याचं गिऱ्हाईक नाही, भारताच्या रुईचं आणि सुताचंही ते मोठ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी जमिनीच्या मार्गाने भारतीय सूत घेणं थांबवलं, मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीच्या मार्गाने घेणं थांबवलं, ते आता न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातूनच. म्हणजे निम्मं दार आधीच लोटलेलं आहे. पूर्ण बंद केलं तर सूतगिरणीचा माल अडकणार, गिरणी रुई कमी घेणार, आणि मग सरकी-रुईचा भाव पाडून जिनिंगवाला कापूस कमी भावात मागणार. तर कलम एक कापसाचा भाव वर ढकलतं आणि कलम दोन तोच भाव खाली ओढतं, एकाच कागदावर.

तिसरा पेच कायद्याचा होता. उत्पादक कंपनीला नफ्याच्या 3 टक्क्यांपर्यंत देणगी देता येते, पण राजकीय पक्षाला किंवा राजकीय कामासाठी एक रुपयाही देता येत नाही, कंपनी कायद्यातच तसं आहे. मोर्चाला ट्रॅक्टर आणि डिझेल कंपनीने द्यावं असं तोंडी ठरून गेलं होतं.

पर्याय काय काय होते

संचालक मंडळात चार वाटा बोलल्या गेल्या.

जसाच्या तसा ठराव पास करायचा. याची बाजू घेणाऱ्या तरुण संचालकाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तो म्हणाला, मोर्चात कोणी कलमं मोजत नाही, ताकद मोजतात, आणि सरकारला आपला राग कळला म्हणजे कापसाचं तरी काम होईल. बाकीची कलमं नुसती सोबत.

सरळ नकार द्यायचा, आम्ही व्यापारी संस्था, राजकारणात पडत नाही. हे ऐकायला बरं, पण आयात शुल्क हा राजकारणाचाच विषय आहे आणि त्यावर गप्प बसणं म्हणजे सूतगिरण्यांच्या संघटना जे बोलतील तेच दिल्लीत ऐकलं जाणार.

कंपनीने काहीच करायचं नाही, सभासदांनी आपापल्या नावाने सह्या कराव्या. सगळ्यात सोपी वाट, आणि माझ्या मते सगळ्यात पळपुटी. पाठिंबा नेमका कशाला आहे हे त्यात कधीच कळलं नसतं.

चौथी वाट, कलम-कलम सुटं करून सभासदांच्या बैठकीत घ्यायचं आणि जे टिकेल तेच लेटरहेडवर न्यायचं. यात धोका असा की पुतण्यासकट सगळे नाराज होणार, शिवाय निवडणुकीच्या तोंडावर "हे बांगलादेशच्या बाजूचे" असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. अध्यक्षांना ही भीती खरोखर वाटत होती, ते स्वतः नगरपरिषदेच्या राजकारणात उठबस असणारे आहेत.

निर्णय दोनदा बदलला. आधी तिसरा पर्याय ठरला होता. मग काकाजींनी रात्री अध्यक्षांना फोन केला आणि सकाळी चौथा झाला. फोनवर काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

काय केलं

बैठकीच्या आधी प्रत्येक सभासदाला एक चिठ्ठी पाठवली. हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चिठ्ठीत मत विचारलंच नव्हतं, तीन साधे प्रश्न होते: मागच्या वर्षी तुमचा कापूस कोणी घेतला, तुमचा संत्रा शेवटी कुठे गेला, आणि तोडणी-वेचणी कोणी केली. बस. नाव टाकलं नाही तरी चालेल.

चिठ्ठ्या परत आल्या तेव्हा दुसऱ्या प्रश्नापुढे बऱ्याच जणांनी "माहीत नाही" लिहिलं होतं. आपल्याकडे बगीचा सौदा होतो ना, व्यापारी झाडावरच बाग घेतो, त्याची टोळी येते, क्रेट भरते आणि निघून जाते, फळ कळमन्यात गेलं की कोलकात्यात की बॉर्डरपार, मालकाला पत्ता नाही. ज्याला आपला माल कुठे जातो हेच माहीत नाही तो बिनधास्त म्हणणार की अमुक देशाशी व्यापार बंद करा. त्याला दोष तरी काय द्यायचा. मग दोन व्यापाऱ्यांना फोन लावून विचारलं, आणि उत्तर काकाजींना अपेक्षित होतं तेच आलं, चांगल्या वर्षी आमच्या गावांतला बराच आंब्या बहार (हिवाळ्यात तोडणीला येणारा संत्रा) बेनापोललाच जायचा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मात्र स्वच्छ होती. कापूस वेचणीला मध्य प्रदेशच्या टोळ्या, छिंदवाडा, पांढुर्णा, शिवनी भागातल्या. संत्रा तोडणीला व्यापाऱ्याने आणलेली माणसं. गावातल्या बायका निंदणाला आणि थोड्या वेचणीला.

बैठक नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात नागपुरातच एका हॉलमध्ये घेतली, कारण गावात घेतली असती तर निवडणुकीचीच सभा झाली असती. तर्री पोहे आधी, विषय नंतर, हा अध्यक्षांचा नियम.

कलम एक, म्हणजे कापसाचं शुल्क, जवळजवळ एकमताने गेलं. जिनिंगवाल्या संचालकाने फक्त एवढं नोंदवून घेतलं की शुल्क लागलं तर गिरण्यांना रुई महाग पडेल आणि त्यांची खरेदी थोडी मंदावेल, हे समजून हात वर करा. हात वरच राहिले. मला यात काही चूक दिसत नाही, आपला तोटा-फायदा बघून मागितलेलं संरक्षण आहे ते.

कलम तीनही पटकन गेलं. अमेरिकेला थेट माल विकणारा हॉलमध्ये एकही नव्हता, त्यामुळे चर्चाच झाली नाही. खरं म्हणजे व्हायला हवी होती, कारण 50 टक्के टॅरिफने तिकडे जाणारे टॉवेल-चादरी अडकले की शेवटी त्याचा भार रुईवरच येतो, पण पोह्यांनंतर लोकांना दोन नंबरवर जायची घाई झाली होती.

दोन नंबरवर मात्र हॉलचा आवाज बदलला. संत्रावाले आणि निव्वळ कापूसवाले सरळ वेगळे झाले. एक संत्रावाला उभा राहिला, "मी ग्रुपवर अंगठा देला होता, आता घेतो मागं, मले का माहीत माही बाग तिकडं जाते म्हणून." हशा झाला. पण मग नरखेडकडचा एक शेतकरी उभा राहिला, त्याचाही संत्राच आहे, आणि त्याला व्यापारी कोण, माल कुठे जातो सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "माहा माल तिकडंच जाते. मले तोटा होईन, होऊ द्या. तिकडं आपल्या लोकायसोबत जे होऊन राहिलं ते पाहून मले तो पैसा नको." 2024 च्या ऑगस्टमध्ये ढाक्यातलं सरकार गेल्यापासून तिथल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांच्या बातम्या त्याच्या डोक्यात होत्या, तो शांतपणे बोलत होता, घोषणा देत नव्हता.

हॉल गप्प झाला. मला त्याचं म्हणणं पटलं नाही, कारण बेनापोलला ट्रक थांबल्याने तिथल्या कुठल्या माणसाचं रक्षण होणार हे मला कळत नाही. पण स्वतःचा तोटा मोजून मग हात वर करणारा दिसायला तरी तो एकटाच होता, आणि असा पाठिंबा आणि फॉरवर्डवरचा अंगठा यांना एकाच मापात मोजणं चूक आहे. अध्यक्षांनी त्याचं मत त्याच्या शब्दांत इतिवृत्तात घ्यायला सांगितलं. कलम मात्र पडलं, निम्म्याहून बरेच कमी हात.

कलम चार आणि पाच

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात कमी ठरलं.

80 टक्के स्थानिक हा आकडा नवा नाही. महाराष्ट्राच्या उद्योग धोरणात तो जुन्या काळापासून आहे, बुटीबोरी आणि मिहानच्या कारखान्यांच्या गेटवर दर निवडणुकीत निघतो. हरियाणाने तर खाजगी नोकऱ्यांत 75 टक्क्यांचा कायदाच केला होता, तो 17 नोव्हेंबर 2023 ला पंजाब-हरियाणा हायकोर्टाने रद्द केला. कर्नाटकने 2024 मध्ये तसंच विधेयक आणलं आणि गदारोळ झाल्यावर बाजूला ठेवलं. मी एवढं वाचून दाखवलं. कोणावर फार परिणाम झाला नाही, कोर्टाचं कोर्टात.

परिणाम झाला तो पांढुर्ण्याच्या प्रश्नाने. एका सभासदाची सासुरवाडी सौंसरची. तो म्हणाला, माझा साळा घरी मराठी बोलतो, त्याचा संत्रा नागपुरी म्हणूनच विकला जातो, बॉर्डर आमच्या वावरापासून तासाभरावर, आणि तुमच्या कागदाने तो परप्रांतीय झाला. जुन्या माणसांना आठवण होतीच की 1956 पर्यंत हा सगळा एकच प्रांत होता आणि त्याची राजधानी नागपूर. मग बाहेरचा कोण यावर अर्धा तास गेला. बिहारचा बाहेरचा, छत्तीसगडचा अर्धा बाहेरचा, पांढुर्ण्याचा आपला, असं काहीतरी निघायला लागलं, आणि अर्थातच ते कागदावर लिहिता येईना.

तेवढ्यात तो तरुण संचालक, ज्याला अख्खा ठराव जसाच्या तसा हवा होता, त्याने जे म्हटलं ते मला सगळ्यात नेमकं वाटलं. "काकाजी, तुमी म्हणता पोरं कामाले येत नाही. येतीन कशाले? टोळी शेडमध्ये झोपते, रात्री दोनला उठवलं तरी उठते, किलोवर पैसे घेते अन् आजारी पडली तर तुमी विचारत नाही. गावचं पोरगं पीएफ विचारते, म्हणून ते नको तुमाले." जिनिंगवाले संचालक चिडले, पण खोडून काही काढू शकले नाहीत. दुसरी बाजूही होती, नोव्हेंबरमध्ये कापूस फुटला की आठ दिवसांत वेचला नाही तर पावसाने मातेरं होतं, तेव्हा कोण कुठला हे बघायला वेळ कोणाला असतो. एकाने लाडक्या बहिणीच्या पैशामुळे बायका कामाला येत नाहीत असंही ठोकून दिलं. मागच्या रांगेतल्या एका सभासद ताईंनी विचारलं, "दीड हजारात किती दिवस घर चालते तुमचं, भाऊ?" तो विषय तिथेच संपला.

या वादातून एक गोष्ट दिसली, जी छापील कागदात कुठेच नव्हती. बाहेरच्या मजुराचा राग हा बहुतेक वेळा मजुरीचा आणि कामाच्या अटींचा राग असतो, फक्त तो मालकावर काढता येत नाही कारण मालक काका असतो, म्हणून टोळीवर निघतो. कलम चार बदलून असं झालं: कंपनीच्या ग्रेडिंगच्या कामाची सूचना आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल, दर सगळ्यांना एकच, ठेकेदाराने मजुरांची नावं-गावं रजिस्टरवर द्यायची. हे कंपनीपुरतं, सरकारकडे मागणी नाही.

पाचव्या कलमावर बोलायला लोक कचरत होते. बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसांसाठी नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट 1 सप्टेंबर 2025 पासून लागू आहे, कारवाई करायला पोलीस आहेत, त्यात संत्र्याच्या कंपनीने काय करायचं, हा एक मुद्दा. पण प्रत्यक्षात अडचण वेगळी होती. मागच्या सीझनला एका बागेत बांगला बोलणारी टोळी आली होती आणि गावातल्या काही पोरांनी त्यांना घेरून आधार कार्डं मागितली होती. ती माणसं निघाली गडचिरोलीची, चामोर्शी तालुक्यातली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनेच 1960 च्या दशकात तिथे जमिनी देऊन वसवलं, म्हणजे ही पोरं जन्मायच्या आधीपासून ते लोक विदर्भातले. टोळी दुसऱ्या दिवशी निघून गेली, बाग आठ दिवस तशीच राहिली आणि फळगळ झाली ती वेगळी. बागेचा मालक हॉलमध्येच होता. त्याने एवढंच सांगितलं, आणि कलम पाच मतालाच आलं नाही.

काय निघालं यातून

लेटरहेडवर तीन मागण्या गेल्या. कापसाची शुल्कमाफी 31 डिसेंबरनंतर वाढवू नका. अमेरिकेशी करारात सोयाबीन, मका, कापूस बाहेर ठेवा. बांगलादेशशी बोलून संत्र्यावरचं शुल्क कमी करून घ्या आणि राज्याचं अनुदान वेळेत द्या. ट्रॅक्टर-डिझेल सभासदांनी आपल्या खिशातून दिलं, कंपनीच्या खात्यातून काहीही नाही.

कार्यकर्ते नाराज झाले. त्यातला मोठा सरळ म्हणाला, "असा ठराव मंचावरून वाचता येत नाही, भाऊ. लोकं टाळ्या कुठं वाजवतीन?" त्याचं निरीक्षण बरोबर आहे. शुल्क कमी करून घ्या, बोलणी करा, याला टाळ्या पडत नाहीत, बंद करा याला पडतात. मोर्चाच्या दिवशी टेकडी रोडवर आमचा ठराव वाचला गेला तो पहिल्या दोन मागण्यांपुरता, तिसरी गाळून. अध्यक्षांनी तिसरीची प्रत वेगळी करून विधानभवनात एका आमदारांच्या स्वीय सहायकाकडे दिली, पोच आहे.

ग्रुपमधून काही जण बाहेर पडले, त्यातले बहुतेक निव्वळ कापूसवाले. कोणीतरी "संत्रा कंपनी" म्हणून टोमणा मारला, तो अजून चालू आहे. नगरपरिषदेच्या प्रचारात अध्यक्षांवर शिक्का बसेल ही भीती मात्र खरी ठरली नाही, तिथे लोक नाल्या आणि पाण्याबद्दलच भांडत होते.

फळ्यावरच्या सूचनेला गावातून थोड्या बायका आल्या, पोरं जवळजवळ नाहीच. दर सारखा केल्यामुळे टोळीच्या मुकादमाला खूश व्हायचं कारण नव्हतं, कारण त्याचं कमिशन आता रजिस्टरवर दिसायला लागलं. ग्रेडिंगचा खर्च थोडा वाढला.

वेगळं काय करता आलं असतं

चिठ्ठी कागदाच्या आधी जायला हवी होती. एकदा अंगठा दाखवला की माणूस त्याच्या बाजूने कारणं शोधायला लागतो, आणि हॉलमध्ये उभं राहून मागे घ्यायला जी हिंमत लागते ती सगळ्यांकडे नसते. जे सही करून गेले होते त्यांच्यातले काही जण बैठकीलाच आले नाहीत, आणि ते का आले नाहीत हे मला तरी ओळखू येतं.

बांगलादेशच्या कलमाला विरोध झाला तो हिशोबाच्या जोरावर. नरखेडच्या त्या शेतकऱ्याचा मुद्दा हिशोबाचा नव्हता आणि त्याला कोणी उत्तर दिलंच नाही, मतदान करून पुढे गेले. निदान तिथल्या हल्ल्यांबद्दल निषेधाचा वेगळा ठराव घेता आला असता, म्हणजे ज्याला ते बोलायचं आहे त्याला व्यापार बंद करा हा एकच रस्ता उरला नसता. जिनिंगवाले संचालक नंतर असंच काहीसं म्हणाले, पण तेव्हा उशीर झाला होता.

अमेरिकेच्या कलमावर दहा मिनिटं तरी घालवायला हवी होती. ते आपल्याला सोपं गेलं कारण तिथे आपला माल थेट उभा नाही, आणि संत्र्याबाबत कापूसवाले नेमके हेच करत होते.

आणि ज्यांच्याबद्दल दोन कलमं होती त्यांच्यातलं कोणीही हॉलमध्ये नव्हतं. मुकादम नाही, वेचणीला येणारी बाई नाही, गडचिरोलीचा माणूस तर नाहीच.

मार्च 2026 च्या बैठकीला तुरीचा विषय घेतलाय, कारण हे लिहिताना तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत 31 मार्च 2026 ला संपणार होती आणि त्याचाही छापील कागद कुठूनतरी येणारच. या वेळी चिठ्ठी आधी जाणार हे ठरलंय. मुकादमांपैकी दोघांना बोलवायचं की नाही यावर संचालक मंडळात अजून एकमत नाही, काकाजी हो म्हणतात, जिनिंगवाले म्हणतात तुरीशी त्यांचा काय संबंध.